ध्वनिमुद्रिकेचे मल्फूज : जी. एन. जोशी आणि त्यांच्या काळातील उस्ताद

आपल्याकडील गायक-वादकांनी गुरूंविषयी, साथीदारांविषयी आणि आश्रय देणाऱ्या संस्थानिकांविषयी पुष्कळ लिहिले-बोलले आहे. ज्याने त्यांचा आवाज तबकडीवर उतरवून घेतला त्या माणसाविषयी मात्र चार कृतज्ञ वाक्यांपलीकडे सहसा काही हाती लागत नाही. ती वाक्येही ठरलेली असतात. माणूस रसिक होता, मनमिळाऊ होता, त्याने संधी दिली, अल्ला त्याला जन्नत देवो किंवा ईश्वर त्याच्या आत्म्यास शांती देवो. त्याने त्या खोलीत बसून नेमके काय केले, याचा पत्ता अशा आदरांजलीतून लागत नाही. इंग्रजीत ज्याला रेकॉर्ड प्रोड्यूसर म्हणतात त्याला आपल्या भाषांत धड नावही नाही. मराठीत ‘ध्वनिमुद्रक’ म्हटले तर यंत्र चालविणारा डोळ्यांसमोर येतो आणि ‘निर्माता’ म्हटले तर पैसे घालणारा. उर्दूत तर तेवढाही शब्द रुळलेला नाही. ज्याला नाव नाही त्याचे गुण सांगणे अवघड जाते, हे एक कारण असावे.

प्रस्तुत लेखाचा विषय असलेले जी. एन. जोशी (१९०९–१९९४) हे या दृष्टीने अपवादात्मक उदाहरण आहे. ते स्वतः गायक होते आणि पुढे ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या मुंबई शाखेत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले. म्हणजे मायक्रोफोनच्या दोन्ही बाजूंना ते उभे राहिले होते. शिवाय त्यांनी आपल्या आठवणी ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात लिहून ठेवल्या. त्याचा इंग्रजी अवतार ‘डाउन मेलडी लेन’ १९८४ साली निघाला. बालगंधर्व, केसरबाई केरकर, बडे गुलाम अली खाँ, अमीर खाँ, बेगम अख्तर अशा कलावंतांची शब्दचित्रे त्यात आहेत. आता यांच्या मृत्यूची साले पाहावीत. बालगंधर्व १९६७, बडे गुलाम अली १९६८, अमीर खाँ आणि बेगम अख्तर दोघेही १९७४, केसरबाई १९७७. अवघ्या दहा वर्षांत एक पिढी गेली. त्यामुळे हे पुस्तक नोकरीतील आठवणींचे असले तरी वाचताना ते स्मृतिलेखांचे पुस्तक होऊन बसते. एका संगीतकाराने, जो ध्वनिमुद्रणाचा कर्ताही होता, गेलेल्या संगीतकारांना वाहिलेली ही आदरांजली आहे. आपल्याला प्रश्न पडतो तो असा की, जोशींना स्वतःला आदरांजली वाहायची झाल्यास ती कोणत्या निकषावर वाहावी?

माझ्या मते हा निकष आपल्याच परंपरेत तयार आहे. उर्दू-फारसी शिकविणाऱ्यांना मल्फूजात हा प्रकार ठाऊक असतोच. मराठीच्या सहकाऱ्यांसाठी सांगायचे तर, सूफी बुजुर्गाच्या बैठकीतील बोलणे त्याच्या मुरीदाने टिपून ठेवले की त्याचे मल्फूज होते. हजरत निजामुद्दीन औलियांच्या बैठकांची अमीर हसन सिज्झी यांनी १३०८ ते १३२२ या काळात केलेली नोंद म्हणजे ‘फवाइदुल फुआद’. या प्रकाराचा तो नमुनाच मानला जातो. हसन सिज्झी पुढे दख्खनेत आले आणि खुलताबादच्या मातीत विसावले. खुद्द आपल्या बुऱ्हाणपुरात शाह बहाउद्दीन बाजन (मृत्यू १५०६) आहेत. संगीताच्या ओढीमुळेच त्यांनी ‘बाजन’ हे तखल्लुस घेतले, आणि आपले पीर शेख रहमतुल्लाह यांच्या आठवणीत ‘खजाइने रहमतुल्लाह’ सिद्ध केले. त्यात त्यांची स्वतःची गाण्याजोगी हिंदवी रचनाही आहे. संगीत जाणणाऱ्या माणसाने ज्याच्यापाशी आपण घडलो त्याची आठवण जतन करावी, ही रीत या गावाला पाचशे वर्षांपासून परिचित आहे, एवढेच येथे नोंदवते.

मल्फूज लिहिणारा बोलत नाही, पण काय राहील हे तोच ठरवतो. तासभराच्या बैठकीतून दोन पाने उतरतात. कोणता दृष्टांत घ्यावा, कोणता सोडावा, कोठे थांबावे, ही निवड त्याची असते. हसन सिज्झी यांनी आपले टिपण हजरतांना दाखविले आणि त्यातील रिकाम्या जागा त्यांनी स्वतः भरून दिल्या, असे त्याच ग्रंथात आले आहे. म्हणजे नोंद करणाऱ्याची निवड आणि बोलणाऱ्याची मान्यता या दोन्हींतून तो मजकूर सिद्ध झाला. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत यापेक्षा वेगळे काय घडते? उस्ताद गातात, फीत फिरते, मग दोघे मिळून ऐकतात. हे ठेवायचे की पुन्हा गायचे, याचा निर्णय होतो. जे राहते तेच आपल्यापर्यंत येते.

जोशींचे काम समजण्यासाठी काळाचे भान ठेवले पाहिजे. हिंदुस्थानातील पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रणे १९०२ साली कलकत्त्यात झाली. त्यांत गौहरजान होती. गाणे संपताच ती स्वतःचे नाव इंग्रजीत पुकारते, कारण तबकड्या जर्मनीत हानोवर येथे छापल्या जात आणि तेथील कारागिरांना आवाज कोणाचा हे कळावे लागे. गाणाऱ्याचे नाव तबकडीत असे कायमचे कोरले गेले. ध्वनिमुद्रण घेणाऱ्याचे नाव पुकारण्याची सोय कोणीही केली नाही. त्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची. मेणावर थेट खोदकाम होत असल्याने काटछाट अशक्य. शेवटच्या क्षणी ठेका चुकला तरी सारे पुन्हा. फीत आल्यावर ही सक्ती सैल झाली आणि १९५० च्या दशकाअखेरीस लाँगप्ले आल्यावर एका बाजूला वीस मिनिटे मिळू लागली.

जोशी स्वतः तीन मिनिटांच्या युगात घडले. वऱ्हाडातील मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता त्यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी तबकडीवर गायिली आणि मराठी भावगीताच्या इतिहासात त्यांचे नाव पहिल्या रांगेत गेले. कायद्याची पदवी घेतलेला हा तरुण वकिलीपेक्षा गाण्याकडे वळला आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात कंपनीत रुजू झाला. भावगीत हा प्रकारच मुळी तबकडीच्या मापाने शिवलेला आहे: एक मुखडा, दोन-तीन अंतरे, थोडे वाद्यवादन, संपले. ज्याने स्वतः तीन मिनिटांत गाणे पुरे करण्याचा घाम गाळला आहे त्याला समोरच्या उस्तादाची अडचण सांगावी लागत नाही. पुढे ते मायक्रोफोनच्या या बाजूला राहिले आणि गायक जोशी मागे पडले. त्यांच्या लेखनात याविषयीची हळहळ मी शोधत होते. ती तेथे उघडपणे फारशी नाही. दुसऱ्याच्या गाण्याविषयीचा हेवाही नाही, आणि हा गुण कलावंतांच्या आठवणीत किती दुर्मीळ असतो हे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे.

आता अमीर खाँसाहेबांकडे वळू, कारण मल्फूजाची कल्पना येथेच कसाला लागते. खाँसाहेब इंदूरचे. वडील शाहमीर खाँ भेंडीबाजार घराण्याशी नाते सांगणारे सारंगिये, होळकर दरबारी नोकरीस. इंदूरहून मुंबईकडे जाणारी आगगाडीची जुनी वाट खंडवा-बुऱ्हाणपूर-भुसावळ अशी आपल्याच दारावरून जाते, म्हणून आम्हां सिंधीपुऱ्यातील लोकांना त्यांच्याविषयी उगाच शेजारधर्माची आपुलकी वाटते. तिला पुराव्याचा आधार मागू नये. बैठकीत एकच राग तासाहून अधिक वेळ, अतिविलंबित झूमऱ्यात, स्वरामागून स्वर उलगडत नेणारा हा गवई. अशा माणसाला तीन मिनिटांची तबकडी म्हणजे विहिरीचे पाणी वाटीत मोजणे. त्यांचा पहिला लाँगप्ले १९६० साली आला: एका बाजूस मारवा, दुसऱ्या बाजूस दरबारी. दुसऱ्या लाँगप्लेसाठी, ललत आणि मेघसाठी, १९६८ साल उजाडावे लागले. आठ वर्षांत दोन! कंपनीच्या हिशेबाने हा आकडा लाजिरवाणा ठरेल. पण तयार नसलेल्या उस्तादाला ओढून आणून वर्षाला चार तबकड्या छापून घेतल्या असत्या, तर आज आपल्यापाशी काय असते याचा विचार करावा.

तो मारवा ऐकावा. या रागात पंचम नाही, आणि खाँसाहेब षड्जालाही सहजी हात लावत नाहीत. ऋषभ आणि धैवत यांवर रेंगाळून ते ऐकणाऱ्याला घराच्या उंबरठ्यावर उभे ठेवतात, आत घेत नाहीत. षड्ज येतो तेव्हा दिवेलागणीला दार उघडल्यासारखे वाटते. हे सारे वीस मिनिटांत बसले आहे आणि कोठेही घाई नाही. बैठकीतील तासाचे हे लहान रूप नाही. वीस मिनिटांचाच मारवा म्हणून त्याची स्वतंत्र घडण आहे: आलापाची मर्यादा, तानांचा मोजका वापर, द्रुतकडे वळण्याची जागा. ही घडण खाँसाहेबांचीच. पण एवढ्या जागेत एवढेच, ही अट घालून ती त्यांच्याकडून पुरी करून घेणारा दुसरा कोणी तेथे असावा लागतो. तो दबाव आणणारा असेल तर गाणे बिघडते. ढिला असेल तर बाजू संपते आणि राग अर्ध्यात राहतो.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळण्याजोगा नाही. आज अमीर खाँ म्हटले की बहुतेकांच्या कानांत हेच दोन-तीन लाँगप्ले असतात. इंदूर घराण्याची व्याख्याच त्यांवरून केली जाते. खासगी बैठकींच्या फिती संग्राहकांकडून पुढे आल्या तेव्हा दिसले की, हे गवई कधी अधिक आडदांड, कधी अधिक विस्कळीत आणि कधी थक्क करणारे होते. मग लाँगप्लेने आपली फसवणूक केली काय? उर्दूच्या अध्यापकाला हा प्रश्न नवा नाही. गालिबचा जो दीवान आपण शिकवतो तो निवडलेला आहे; त्यांनी स्वतःच आपल्या तरुणपणाच्या कितीतरी शेरांना त्यातून बाहेर ठेवले. पुढे भोपाळमध्ये १८२१ सालची हस्तलिखित प्रत सापडली आणि १९२१ मध्ये ती ‘नुस्खए हमीदिया’ म्हणून छापली गेली तेव्हा वगळलेला गालिब उजेडात आला. संशोधकाला नुस्खा हवाच. पण त्यामुळे दीवान खोटा ठरला नाही; गालिबला आपण कसे दिसावे असे वाटत होते, ते दीवानानेच सांगितले. खासगी फिती हा अमीर खाँचा नुस्खए हमीदिया आहे आणि १९६० चा लाँगप्ले हा त्यांचा दीवान. फरक इतकाच की, गालिबच्या निवडीत कोणाची मसलत होती यावर आपल्याकडे प्रबंध लिहिले जातात आणि लाँगप्लेच्या निवडीतील दुसऱ्या माणसाचे नाव संगीताचा विद्यार्थी सांगू शकत नाही.

गझलेच्या बाबतीत हा मामला आणखी नाजूक आहे. बेगम अख्तर यांनी मीर, मोमिन, गालिबपासून जिगर, शकील यांच्यापर्यंत सर्वांना गायिले. पण तीन-साडेतीन मिनिटांत मतला, दोन-तीन शेर आणि मक्ता यांपलीकडे काय मावणार? वर्गात मी मोमिन शिकवते तेव्हा विद्यार्थी नेमके तेवढेच शेर, त्याच क्रमाने म्हणतात. मधले शेर फळ्यावर लिहिले की काहींना ते नंतर कोणी घुसडल्यासारखे वाटतात. कवीची गझल आणि तबकडीची गझल अशा दोन प्रती आज प्रचारात आहेत, आणि दुसरीच अधिक लोकांच्या ओठांवर आहे. पाठभेदाची चर्चा करणाऱ्या आपल्या विद्यापीठांनी या दुसऱ्या प्रतीकडे ढुंकूनही पाहिलेले नाही. शेरांची निवड गाणारीची असे, हे मान्य. पण वेळेची चौकट कंपनीची होती, आणि चौकट ठरली की निवड निम्मी ठरते.

जोशींच्या पुस्तकाची मर्यादा मला येथे जाणवते. कलावंत डोळ्यांसमोर उभा करण्यात त्यांची लेखणी तरबेज आहे: त्याचा रुसवा, त्याची मर्जी, स्टुडिओत शिरतानाचा रुबाब. मल्फूजाचा पहिला गुण, म्हणजे हुजूरी, त्यात आहे. पण टिपणाऱ्याने काय सोडले, पहिल्या वेळी गायिलेले का टाकले, दुसऱ्या वेळचे का ठेवले, आलाप कोठे आवरता घ्यायला सांगितला, याविषयी त्यांनी आणखी लिहायला हवे होते. हे सांगू शकणारी माणसे त्या काळात बोटांवर मोजण्याइतकी होती आणि त्यांतही गाणे येणारी त्याहून थोडी. दुसरे असे की, लेखक कंपनीचा पगारी अधिकारी होता हे वाचकाने विसरू नये. मानधन, हक्क, विक्रीचा वाटा या बाबतींत त्याची साक्ष एका बाजूचीच राहणार. उस्तादांच्या घरची मंडळी या गोष्टी वेगळ्या सांगतील आणि त्याही ऐकल्या पाहिजेत.

जोशींचा हात सर्वांत स्पष्ट दिसतो तो त्यांनी लिहिलेल्या ओळींत नव्हे, तर १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या लाँगप्लेत. त्यावर निर्माता म्हणून त्यांचे नाव आहे. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा, तबल्यावर माणिकराव पोपटकर. पहिले दोघे त्या वेळी तिशीच्या आतले, काब्रा नुकतीच तिशी गाठलेले, आणि संतूर व गिटार या वाद्यांना शास्त्रीय बैठकीत अजून जागा मिळायची होती. काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, अशी कल्पना. त्यासाठी अहीर भैरव, नट भैरव, पिलू, भूप, देस, पहाडी अशी रागांची ओळ. जाणकारांनी याला हलके मानले आणि आजही काहीजण मानतात. मला हे मत एकांगी वाटते. रागाची वेळ ही बैठकीत ऐकणाऱ्याला बाहेरून मिळते: पहाट असते म्हणून अहीर भैरव गातात. घरी तबकडी लावणाऱ्याला कोणतीही वेळ असू शकते. या लाँगप्लेने तो पेच उलटा सोडविला. वेळ बाहेर नसेल तर ती तबकडीतच आणावी, चाळीस मिनिटांत अख्खा दिवस मांडावा. ही रचना बैठकीत संभवतच नाही. कोणताही जलसा पहाटेचा आणि रात्रीचा राग एका दमात वाजवणार नाही. म्हणजे ही केवळ तबकडीची कलाकृती आहे, आणि म्हणून ती वादकांइतकीच तबकडी घडविणाऱ्याची आहे. शर्मा (मृत्यू २०२२) आणि चौरसिया यांचे नाव तिने परदेशी पोहोचविले, आणि पुढे हीच जोडी ‘शिव-हरी’ नावाने ‘सिलसिला’सारख्या (१९८१) चित्रपटांना संगीत देती झाली. काब्रा (मृत्यू २०१८) त्या मानाने कमी आठवले जातात. पोपटकरांचे नाव तर अनेकांना वाचूनच कळते, आणि त्यांचा ठेका काढून घेतला तर मेंढपाळाचा दिवस पुढे सरकणार नाही.

अशा माणसाला संगीतकाराने आदरांजली वाहावी ती कशी, याचे एक उदाहरण बाहेरच्या जगातून देता येईल. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन यांनी रविशंकर यांच्या काही ध्वनिमुद्रिकांचे निर्माते म्हणून काम केले होते. १९९७ ची ‘चॅण्ट्स ऑफ इंडिया’ ही त्यांपैकी एक. हॅरिसन २००१ मध्ये गेले. पुढच्या वर्षी त्याच तारखेला, २९ नोव्हेंबर २००२ रोजी, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जो कार्यक्रम झाला, त्यासाठी ऐंशी ओलांडलेल्या रविशंकरांनी ‘अर्पण’ ही स्वतंत्र रचना बांधली. तिचे संचालन त्यांची कन्या अनुष्का हिने केले. हिंदुस्थानी वाद्ये, पाश्चात्त्य तंतुवाद्ये आणि एरिक क्लॅप्टन यांची गिटार यांत एकत्र आली. दोन वाद्यपरंपरांना एका खोलीत बसविण्याची हॅरिसन यांची जी हौस, तीच या रचनेची घडण झाली. गेलेल्याचे गुण सांगण्याऐवजी त्याची कामाची पद्धत वापरून दाखविली गेली. अशी आदरांजली कोणाच्याही भाषणाला साधत नाही.

शिक्षकांना रचना बांधता येत नाहीत. ऐकविता मात्र येते. आपल्या महाविद्यालयांत उर्दू, फारसी, मराठी शिकविणाऱ्यांनी तबकडी ही पाठ्यप्रत मानून तिच्याकडे पाहावे, अशी माझी सूचना आहे. अमीर खाँसाहेबांचा हंसध्वनीतील तराना घ्या. तरान्याचे बोल निरर्थक नसून त्यांमागे फारसी तसव्वुफचा अर्थ आहे, असे खाँसाहेब मानत आणि या तरान्यात त्यांनी फारसी शेर गुंफला आहे. संगीताचा विद्यार्थी तो शेर बोलांतच जमा धरून पुढे जातो, आणि फारसीचा विद्यार्थी तराना ऐकतच नाही. दोघांना एका वर्गात बसविता येईल. बेगम अख्तर यांची एखादी गझल लावून सुटलेले शेर कुल्लियातमधून शोधायला सांगता येतील. लाँगप्लेच्या दोन बाजू मिळून चाळीसेक मिनिटे होतात. तासिका पंचेचाळीस मिनिटांची असली, तर आच्छादनावरची नावे, बारीक अक्षरांतली धरून, मोठ्याने वाचून घेण्याइतका वेळ उरतो.